पावसाळी रानातील पक्षी आणि छायाचित्रकाराचे लपण

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की कोकणातील ओढ्याकाठच्या दाट झाडीत एक चिमुकला पाहुणा दाखल होतो. त्याचे नाव तिबोटी खंड्या. लांबी सुमारे १३ सेंटिमीटर, वजन जेमतेम १५ ते २० ग्रॅम. पण अंगावर नारिंगी, पिवळा, निळा आणि जांभळा असे रंग एकवटलेले. बहुतेक खंड्यांच्या पायांना चार बोटे असतात, याच्या पायांना तीनच. म्हणून हे नाव पडले. ओढ्याच्या अथवा पायवाटेच्या कडेला असलेल्या मातीच्या दरडीत तो आडवे बीळ खणतो. हे बीळ कधी कधी एक मीटरपर्यंत लांब असते. त्याच्या टोकाशी मादी चार-पाच अंडी घालते आणि नर व मादी दोघेही ती आळीपाळीने उबवितात.

याच सुमारास नवरंग पक्ष्याची शीळ रानात ऐकू येऊ लागते. घाटातील ओहळांवर शीळकरी कस्तूर पहाटेच्या अंधारात गाऊ लागतो. नारिंगी डोक्याचा कस्तूर झुडपांत घरटे बांधण्याच्या खटपटीत असतो. पावसाळा हा या पक्ष्यांच्या संसाराचा काळ आहे, कारण किडे, गांडुळे, लहान बेडूक, सापसुरळ्या आणि खेकडे याच दिवसांत विपुल मिळतात.

माणसाच्या दृष्टीने मात्र रानात हिंडण्यास याहून गैरसोयीचा काळ नाही. आभाळ भरलेले, झाडी गच्च, पायाखाली चिखल आणि जळवा, हवेत बाष्प. तरीही अलीकडच्या वर्षांत जून ते सप्टेंबर या महिन्यांत कॅमेरे घेऊन कोकणात व सह्याद्रीच्या पायथ्याशी येणाऱ्यांची संख्या वाढली आहे. पूर्वी मूठभरांच्या आवाक्यात असलेली साधने आता पुष्कळांच्या हाती आली आहेत. ही आवड स्वागतार्हच आहे. कारण चांगले छायाचित्र हे अभ्यासाचे साधन असते आणि लोकशिक्षणाचेही. परंतु तेच छायाचित्र चुकीच्या जागेवरून वा चुकीच्या वेळी घेतले गेले, तर त्याची किंमत घरट्यातील पिल्लांना मोजावी लागते. सबब, प्रतिकूल हवामानात लपणातून पक्ष्यांचे छायाचित्रण कसे करतात आणि त्यात कोणती मर्यादा पाळावयाची असते, याची माहिती छायाचित्रकारांप्रमाणेच वनकर्मचारी, शिक्षक व ग्रामपंचायतींचे सदस्य यांनाही असणे आवश्यक आहे.

लपण म्हणजे काय?

पक्ष्याला आपले अस्तित्व जाणवू नये म्हणून निरीक्षकाने ज्या आडोशामागे बसावयाचे, त्यास लपण म्हणतात. ते कापडाच्या लहानशा राहुटीसारखे असू शकते, काटक्या व पाने यांचे असू शकते, किंवा कायमस्वरूपी बांधलेली खोलीही असू शकते.

या कल्पनेला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनी १८९२ मध्ये पक्ष्याच्या घरट्याचे व अंड्यांचे छायाचित्र घेतले. १८९५ मध्ये त्यांचे घरट्यांविषयीचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. पक्ष्यांजवळ जाण्यासाठी त्यांनी पुढे आतून पोकळ असा बैलाचा पुतळा तयार करविला आणि त्याच्या पोटात उभे राहून छायाचित्रे घेतली. चरणाऱ्या गुरांना पक्षी भीत नाहीत, हे त्यांनी हेरले होते. भारतात रेल्वेच्या सेवेत असलेले ई. एच. एन. लोथर यांनी लपणात बसून दीर्घकाळ छायाचित्रण केले; त्यांचे पुस्तक १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात आलेले सिंगापूरचे उद्योगपती लोके वान थो यांनी डॉ. सालिम अली यांच्या सहवासात हीच कला जोपासली.

कोकणातील शेतकऱ्याला या युक्तीचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही. लावणीच्या दिवसांत इरले पांघरून वाकलेल्या माणसापासून हाताच्या अंतरावर बगळे निर्धास्तपणे चरताना दिसतात. तोच माणूस बांधावर ताठ उभा राहिला की ते उडून जातात. पक्षी ज्याला भितो ती उभ्या माणसाची आकृती आणि त्याची अवचित हालचाल होय. या दोन्ही गोष्टी झाकणे हेच लपणाचे कार्य आहे.

लपणाची रचना

एका माणसासाठी सुमारे सव्वा मीटर लांब, तितकेच रुंद आणि दीड मीटर उंच लपण पुरेसे होते. कापड मळकट हिरव्या वा मातकट रंगाचे आणि इतके दाट असावे की आतील माणसाची सावली बाहेर दिसू नये. चकाकणारे प्लास्टिक बाहेरच्या बाजूस वापरू नये.

पावसात लपणाची परीक्षा दोन ठिकाणी होते. पहिली छपराची. कापड सैल असेल तर त्यात पाणी साचते, खोळ तयार होते आणि ती रिकामी करण्यासाठी आतून ढकलावी लागते. ही हालचाल पक्ष्याला नेमकी दिसते. म्हणून छप्पर उतरते व ताणलेले असावे. दुसरी परीक्षा बाजूंची. वाऱ्याने फडफडणारे कापड हे पक्ष्यांना घाबरविणारे मोठे कारण आहे. पावसाच्या थेंबांचा एकसारखा आवाज पक्ष्याच्या सवयीचा असतो, मात्र मध्येच उडणारा पडदा सवयीचा नसतो. कापडाच्या चारही कडा खुंट्यांना घट्ट बांधाव्यात आणि भिंगासाठी ठेवलेल्या फटीच्या वर लहानशी झालर शिवावी, म्हणजे पाणी आत येत नाही.

लपण ओढ्याच्या पात्रात किंवा त्याच्या लगतच्या सखल जागी उभारू नये. डोंगरावर पाऊस झाला म्हणजे खाली पाऊस नसतानाही पाण्याचा लोंढा येतो. उंच एकाकी झाडाखाली विजेचा धोका असतो. बसण्यापूर्वी जमीन व आजूबाजूच्या फांद्या नीट पाहाव्यात. हिरव्या पानांत चापड्यासारखा विषारी साप सहज दिसत नाही.

लपण एकदम जवळ आणू नये. प्रथम ते दूर उभारावे आणि दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने पुढे सरकवावे. प्रत्येक टप्प्यानंतर पक्ष्याचा व्यवहार पूर्ववत झाला आहे काय, हे दुरून पाहावे. आत शिरताना सोबत दुसरा माणूस न्यावा. त्याने छायाचित्रकाराला आत सोडून उघडपणे निघून जावे. आलेला माणूस गेला असे पाहून पक्षी सहसा निश्चिंत होतो. बाहेर पडतानाही हाच क्रम ठेवावा.

प्रकाशाचे गणित

पावसाळी रानात छायाचित्रकाराची मुख्य अडचण प्रकाशाची असते. ती किती मोठी आहे, हे साध्या हिशेबाने समजते. निरभ्र आकाशाच्या उन्हात संवेदनक्षमता १०० ठेवली, तर भिंगाचे छिद्र एफ/८ आणि शटरचा वेग १/५०० सेकंद असताना चित्र बरोबर येते. आभाळ दाट भरले की प्रकाश साधारण एक अष्टमांश उरतो. त्यातून गच्च पर्णछत्राखाली गेल्यावर तो आणखी तीस-बत्तीस पटींनी कमी होऊ शकतो. म्हणजे उघड्यावरील उन्हाच्या मानाने तेथे प्रकाश सुमारे अडीचशे पटींनी कमी असतो. छायाचित्रणाच्या भाषेत हा आठ पायऱ्यांचा फरक झाला. कारण प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो.

ही तूट तीन मार्गांनी भरून काढावी लागते. छिद्र एफ/५.६ पर्यंत उघडले की एक पायरी मिळते. शटरचा वेग १/६० सेकंदापर्यंत खाली आणला की तीन पायऱ्या मिळतात. उरलेल्या चार पायऱ्यांसाठी संवेदनक्षमता १०० वरून १,६०० वर न्यावी लागते. ६४ किंवा १०० संवेदनक्षमतेच्या रंगीत फिल्मच्या काळात असे चित्र फ्लॅशशिवाय जवळजवळ अशक्य होते. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात १,६०० किंवा ३,२०० संवेदनक्षमतेवरही उपयुक्त चित्र मिळते. थोडे कण दिसले तरी चालतील, परंतु पक्ष्याच्या डोळ्यांवर वारंवार प्रखर झोत टाकण्याचे आता कारण उरलेले नाही.

१/६० सेकंद हा वेग लांब भिंगासाठी फार कमी होय. कॅमेरा हातात धरून तेथे स्थिर चित्र मिळत नाही. भक्कम तिपाई, तिचे पाय चिखलात रुतू नयेत म्हणून खाली सपाट दगड वा फळीचे तुकडे, आणि बटण दाबताना हादरा बसू नये म्हणून दूरनियंत्रक, अशी व्यवस्था करावी. एवढे करूनही पक्षी हलला तर चित्र पुसट येतेच. म्हणून पक्ष्याच्या स्वभावाचे निरीक्षण उपकरणाइतकेच महत्त्वाचे ठरते. तिबोटी खंड्या फांदीवर बसल्यावर डोके खालीवर हलवितो आणि मध्येच क्षणभर स्तब्ध होतो; नवरंग पालापाचोळा उलथताना मधूनमधून थांबून कानोसा घेतो. तो क्षण साधावयाचा असतो.

अंधाऱ्या पार्श्वभूमीवर उजळ रंगाचा पक्षी असेल तर कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो. तो सर्व दृश्य उजळ करू पाहतो आणि पक्ष्याचे पिवळे वा पांढरे पीस जळल्यासारखे दिसते. अशा वेळी प्रकाशन अर्धी ते एक पायरी कमी ठेवावे. पावसाच्या धारा दाखवावयाच्या असल्यास १/६० सेकंदाचा संथ वेग उपकारक ठरतो, कारण थेंबांच्या रेषा उमटतात. १/५०० सेकंदास तेच थेंब सुटे दिसतात.

भरलेल्या आभाळाचा एक लाभही ध्यानात घ्यावा. उन्हात पानांच्या सावल्यांचे कवडसे पक्ष्याच्या अंगावर पडून त्याचे रूप तुटक दिसते. ढगाळ हवेत प्रकाश चहूबाजूंनी सारखा येतो, सावल्या मऊ होतात आणि पावसाने धुतलेल्या रानाचे रंग खरे उतरतात. म्हणून पावसाळी हवा छायाचित्रणाला सर्वस्वी वाईट आहे, असे मुळीच नाही.

उपकरणांची निगा

कॅमेरा व भिंग यांवर पाणी न शिरणारे आवरण घालावे, भिंगाच्या तोंडाशी खोल झाकणनळी लावावी आणि सुती कापडाचे दोन-तीन कोरडे तुकडे जवळ ठेवावेत. वातानुकूलित गाडीतून काढलेला थंड कॅमेरा दमट हवेत येताच काचांवर बाष्प धरते. तो काही वेळ बंद पिशवीतच बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा. घरी परतल्यावर ओलसर पिशवीत उपकरणे ठेवल्यास भिंगावर बुरशी वाढते. सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा हा त्यावर स्वस्त उपाय आहे. त्यातील दाणे अधूनमधून गरम करून पुन्हा कोरडे करावे लागतात.

पक्ष्याचा हिशेब

येथवर माणसाच्या अडचणींचा विचार झाला. वाईट हवामानाचा खरा भार मात्र पक्ष्यावर असतो, आणि या विषयातील सर्वांत महत्त्वाची बाब तीच आहे.

अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली अनेक रानपक्ष्यांची पिल्ले उघडी, पिसांवाचूनची असतात. पहिले काही दिवस त्यांना स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही. आईबापांच्या पंखांखालीच ती जगतात. कोरड्या, उबदार दिवशी पालक अर्धा तास घरट्यापासून दूर राहिला तर पिल्ले बहुधा निभावून नेतात. पावसात, गार वाऱ्यात तोच अर्धा तास प्राणघातक ठरू शकतो.

खाद्याचा हिशेबही असाच काटेकोर असतो. जूनमध्ये कोकणात दिवसाचा उजेड सुमारे तेरा तास असतो. मुसळधार पावसात किडे पानांआड दडतात आणि ओढ्याचे पाणी गढूळ होते. त्या वेळात शिकार जवळजवळ थांबते. समजा, तेरापैकी सहा तास असा पाऊस पडला, तर पिल्लांना भरविण्यासाठी सातच तास उरले. छायाचित्रकाराच्या धास्तीने त्यांतील दोन तास पालक घरट्याकडे फिरकला नाही, तर पिल्लांच्या वाट्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा बुडाला. उन्हाळ्यात जी ढवळाढवळ पक्षी सहन करू शकतो, ती पावसाळ्यात त्याला परवडत नाही.

पक्ष्याची अस्वस्थता ओळखता येते. तिबोटी खंड्या चोचीत सापसुरळी धरून दरडीसमोरच्या फांदीवर येतो आणि एरवी थोड्याच वेळात बिळात शिरतो. भक्ष्य चोचीत असूनही तो बसून राहिला, फांद्या बदलू लागला, पुन्हा पुन्हा उडून परत आला, तर त्याला धोका जाणवला आहे असे समजावे. अशा वेळी चित्राचा मोह सोडून ताबडतोब लपण मागे न्यावे. नेमका हाच प्रसंग, म्हणजे चोचीत भक्ष्य घेऊन निश्चल बसलेला पक्षी, चित्रात अतिशय देखणा दिसतो. पाहणाऱ्यास ते सौंदर्य वाटते. प्रत्यक्षात तो खोळंबलेला पालक असू शकतो.

घरटे स्पष्ट दिसावे म्हणून भोवतालची पाने व फांद्या छाटणे हा आणखी एक घातक प्रकार आहे. छाटलेल्या आडोशामुळे पाऊस थेट घरट्यावर येतो आणि कावळा, भारद्वाज, साप यांना वाट मोकळी होते. चिखलात उमटलेली नवी पायवाटही शिकाऱ्याला घरट्यापर्यंत नेते. दरडीच्या कडेवर माणसांचा भार पडला तर भिजलेली माती ढासळून बीळच बुजते.

यावरून एक सरळ नियम निघतो. प्रतिकूल हवामानात लपण घरट्यासमोर उभारू नये. ते पक्ष्याच्या नित्याच्या वावराच्या जागी, घरट्यापासून दूर उभारावे. ओढ्याकाठची स्नानाची जागा, पालापाचोळ्याची मोकळी पट्टी, गाण्यासाठी निवडलेली फांदी, फळांनी लगडलेला उंबर, अशा ठिकाणी पक्षी वारंवार येतात. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल हा तर फळांच्या झाडांवरच पाहावा. तेथे पक्षी थोडा वेळ बिचकला तरी कोणाचे पोट उपाशी राहत नाही अथवा अंडी थंड पडत नाहीत. ध्वनिमुद्रित शीळ वाजवून पक्ष्याला बोलाविणेही विणीच्या काळात टाळावे. प्रतिस्पर्धी आला असे समजून तो कामधंदा सोडून धावून येतो.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील 'शिकार' या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे, तसेच अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे, या गोष्टींचाही त्या व्याख्येत समावेश होतो. बंदूक हाती घेतली नाही म्हणून कोणी या कायद्याबाहेर राहत नाही.

पनवेल तालुक्यातील १९६८ मध्ये घोषित झालेले कर्नाळा पक्षी अभयारण्य असो वा अन्य कोणतेही अभयारण्य, तेथे छायाचित्रणासाठी प्रवेशाचा परवाना अधिनियमाच्या कलम २८ खाली दिला जातो. २०२२ च्या सुधारणेने या कलमात स्पष्ट केले आहे की, छायाचित्रण व चित्रीकरण अधिवासात कोणताही बदल न करता आणि अधिवासावर वा वन्यजीवांवर प्रतिकूल परिणाम न होऊ देता करावयाचे आहे. फांद्या छाटून, माती उकरून उभारलेले लपण या अटीत बसत नाही.

गावाचा वाटा

तिबोटी खंड्याची पुष्कळ घरटी अभयारण्यात नसतात. ती गावच्या वाटेवर, मालकीच्या बागेत, पऱ्ह्याच्या काठावर असतात. तेथे वनरक्षक रोज पोहोचू शकत नाही. गुराखी, बागाईतदार आणि शाळेत जाणारी मुले रोज जातात. घरट्याची जागा प्रथम त्यांनाच कळते आणि बाहेरून आलेले छायाचित्रकारही त्यांनाच वाट विचारतात. म्हणून संरक्षणाची गुरुकिल्ली गावाच्या हाती आहे.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची आहे. ही समिती आपल्या क्षेत्रातील विणीच्या जागांची नोंद ठेवू शकते. मात्र त्या जागांचा नेमका ठावठिकाणा जाहीर करू नये. पाहुण्यांना वाट दाखवून गावातील तरुणांना चार पैसे मिळत असतील तर ते गैर नाही. परंतु तो मेहनताना घरटे दाखविण्याचा नसावा, रान दाखविण्याचा असावा. ओढ्याकाठी घरट्यांपासून दूर ग्रामपंचायतीने एखादे कायमचे, भक्कम छपराचे लपण बांधले, तर पक्षी त्याला सरावतात, छायाचित्रकाराची सोय होते आणि उत्पन्नही गावात राहते. एका वेळी किती माणसांनी आत बसावे, हेही गावाला ठरविता येईल.

पावसाळ्यात दरडीवरील गवत काढणे, रस्त्याच्या कडा जेसीबीने तासणे, पऱ्ह्याचे काठ साफ करणे ही कामे ग्रामपंचायत व बांधकाम खाते करीत असतात. जून ते सप्टेंबर या काळात, तातडी नसेल तेथे, ती पुढे ढकलली तर अनेक बिळे वाचतील. यासाठी वेगळ्या खर्चाची तरतूद लागत नाही. कामाच्या वेळापत्रकात थोडा बदल पुरतो.

शिक्षकांना राज्यात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पाळल्या जाणाऱ्या पक्षी सप्ताहाची संधी आहे. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा, तर १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस होय. शाळेच्या आवारात जुन्या चादरीचे लपण करून मुलांना त्यात अर्धा तास गप्प बसविले, तर पक्षी किती जवळ येतात हे त्यांना स्वतः अनुभवता येईल. त्याच वेळी पावसाळ्यात घरट्यापासून दूर का राहावयाचे, हेही समजावून सांगता येईल.

लपण हे केवळ छायाचित्रकाराला लपविण्याचे साधन आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. खरे पाहता पक्ष्याचा दिनक्रम अबाधित राखणे हा त्याचा हेतू होय. माणूस आला व गेला, हे पक्ष्याला कळलेच नाही, तर लपण यशस्वी झाले. मग चित्र मिळो अथवा न मिळो. धो धो पावसाच्या दिवशी चित्र हुकले तर ते पुढच्या वर्षी पुन्हा घेता येते. गारठलेले पिल्लू मात्र पुढच्या वर्षी त्या दरडीत परत येत नाही.